लॉगबुकाची झेरॉक्स

राजारामपुरी, सातवी गल्ली.
सुतकेंच्या दुकानात काउंटरवर
मी माझी अकरा वर्षं ठेवली.
निळ्या पुठ्ठ्याचं लॉगबुक, कोपरे दबलेले,
एका पानावर चहाचा गोल,
हैदराबादेत धुक्यामुळं तीन तास अडकलो होतो तेव्हाचा.

"सगळी पानं?"
"सगळी. दोन-दोन प्रती."
"तलाठ्याला द्यायची?"
"नाही. एक दोह्याला, एक व्हिएतनामला."
रंकाळ्यात म्हशी सोडायची
लेखी परवानगी मागावी कुणी,
तसं त्यानं माझ्याकडं बघितलं.
मग झाकण उघडलं. हिरवा उजेड
पानापानावरून सरकत गेला.

चौथा पगार आला नाही.
तिसरा अर्धा आला,
त्यासोबत पत्र: आपण एक कुटुंब आहोत.
कुटुंबातली सहा विमानं
भाडं थकलं म्हणून ज्याची त्यानं परत नेली.
दोन नागपूरला उभी आहेत,
एकीचा सुटा भाग काढून दुसरीला लावलेला,
इंजिनांच्या तोंडावर लाल झाकणं.

रात्री दीडलाही ग्रुपवर कुणीतरी जागं असतं.
कॅप्टन तारापोर विचारतात,
अठ्ठावन्न वय, कुणी घेईल का रे?
त्यावर कुणी अंगठासुद्धा टाकत नाही.
आणि ईशानी मगदूम,
सातशे तास, सत्तर लाखांचं कर्ज,
इचलकरंजीचं घर बँकेकडं,
वेगळा मेसेज करते:
सर, माझ्यासाठी शिफारसपत्र द्याल?

देतो म्हणालो.
त्याच कंपनीत, त्याच उजव्या खुर्चीसाठी
डावी खुर्ची सोडून मीही अर्ज केलाय,
हे म्हणालो नाही.

गेल्या वर्षी उजळाईवाडीला
अठरा नॉटचा आडवा वारा होता.
माझे हात मांडीवर, पण बोटं ताठ.
तिनं नाक वाऱ्यात धरलं,
शेवटच्या क्षणी सरळ केलं
आणि चाकं अशी टेकवली
की मागं कुणाचं तरी बाळ
झोपलेलंच राहिलं.
मी म्हणालो, बरं होतं.
एवढंच म्हणालो होतो.

आप्पा उद्यमनगरातून निवृत्त झाले,
लेथवर चौतीस वर्षं.
सव्वाचारला पिशवी घेऊन निघतात,
भाजी आणतो म्हणतात,
स्कूटर उजळाईवाडीच्या कुंपणाला लावतात.
माझं विमान याच वेळेला उतरायचं.
आता दुसऱ्याच कंपनीचं उतरतं.
पिशवी रिकामी परत येते.
आई काही विचारत नाही,
पिठलं टाकते.

काल गंगावेशीत दूधकट्ट्यावर
शाळेतला एक भेटला.
"काय कॅप्टन, गाडी कुठं लावलीस?"
हसलो. गरम फेस
मिशीला लागला तो तसाच राहू दिला.

आज पेनड्राइव्हही आणलाय.
सुतके म्हणाले, हे काय?
एक पत्र. एकच प्रत.
छापताना त्यांनी वाचलं, त्यांना सवयच आहे:
आडव्या वाऱ्याचं वाचलं,
झोपलेल्या बाळाचं वाचलं,
शेवटी माझी सही करायची जागा.
"ही पोरगी कोण?"
"सोबत उडायची."
"आन् तुमचं?"
"माझंपण बघतोय."

एकशे बारा पानं, दोन प्रती, एक पत्र.
मधलं एक पान पूर्ण काळं आलं होतं,
ते त्यांनी परत काढलं, हिशेबात धरलं नाही.
सुट्टे नव्हते. दोघंही खिसे चाचपत होतो,
तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं,
"कंपनीचं इमान बंद पडलं म्हणं, खरं काय?"

इकडं विमानाला असंच म्हणतात.
तरी मी थोडा थांबलो.

मग त्यांचंच पेन घेतलं
आणि तिथंच, स्टेपलरच्या बाजूला
पत्र ठेवून, सही केली.
शाई ओली होती.
सुतक्यांनी पंखा बंद केला.